विसावी ओळ

ता. ४, सोमवार

कर्र, कर्र, कर्र, खट्. पुन्हा कर्र, कर्र.

आज सकाळी गॅसपाशी उभा राहून चहाच्या पाण्याला उकळी यायची वाट बघत होतो आणि चौसष्ट वर्षांपूर्वीचा हा आवाज कुठूनसा कानात आला. आमच्या वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, दुकानामागेच घर. माझी ताई रोज सकाळी दुकानातल्या घड्याळांना किल्ली द्यायची. तेवीस घड्याळं. मी अंथरुणात लोळत ऐकायचो. मोठ्या लंबकवाल्याची किल्ली जाड, घोगरी. गजराच्या घड्याळाची चिमणीसारखी. त्या तालावर मी पाठ्यपुस्तकातल्या कविता म्हणायचो. पुढे छत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, पोरांना मात्रा मोजायला लावल्या. पण मला स्वतःला मात्रा शिकवल्या त्या कर्र-कर्रनं. काय दिवस होते!

पाणी आटलं. सूनबाई मागून म्हणाली, "बाबा, भांडं करपतंय. कविता नंतर."

सूनबाई जमिनींची मोजणी करते. मुलगा जहाजावर असतो, आठ महिने पाण्यात आणि चार महिने घरात. त्यामुळे घरात माणसं दोनच, मी आणि ती. दुसऱ्यांदा ठेवलेला चहा गाळता गाळता तिनं विचारलं, "दर शनिवारी संध्याकाळी हॉल वापरला तर चालेल का? आमच्या मंडळासाठी."

मंडळ म्हणजे नोकरी-धंदा करणाऱ्या बायकांचं मंडळ. कितीतरी देशांत त्याच्या शाखा आहेत. पगार कुणालाच नाही. आपापलं काम सांभाळून बायकांच्या हक्कांसाठी झटायचं. इथली शाखा नवी आहे. नियम मोठा गमतीचा आहे: एका कामाची एकच बाई घ्यायची, आणि अशी वीस वेगवेगळी कामं जमली तरच शाखेला मान्यता. तीस तारखेला मुख्य कचेरीची पाहुणी तपासायला येणार. आत्ता अठरा आहेत.

"आणि नाही जमल्या वीस तर?"

"तर पाहुणी पुन्हा दोन वर्षांनी. तोवर आम्ही म्हणजे चहा प्यायला जमणाऱ्या बायका."

मी म्हटलं, खुशाल भरवा सभा. घरात आवाज असला की भिंतींनाही बरं वाटतं.

ता. ९, शनिवार

पहिली सभा झाली. पाचची होती, सुरू झाली पाच वाजून अकरा मिनिटांनी. कारण हॉलमधलं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे आणि या घरात तेच खरं मानतात. ताईनं माझ्या लग्नात दिलेलं घड्याळ आहे ते. लाकडी, लंबकाचं, तिनं स्वतः जोडलेलं. सूनबाई म्हणते दुरुस्तीला टाकू. मी टाकू देत नाही. परक्या माणसाचा हात त्याला लागावा हे माझ्या जिवावर येतं.

मला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. अट एकच, मध्ये बोलायचं नाही. सुरुवातीला प्रत्येकीनं उभं राहून आपली ओळख करून द्यायची. नाव नाही, आडनाव नाही, कुणाची बायको, कुणाची आई, काही नाही. फक्त काम. "मी बेकर." "मी प्लंबर." "मी गुरांची डॉक्टर." सूनबाई उठली आणि म्हणाली, "मी मोजणीदार." माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच टेबलाला टेकून उभी होती, पण क्षणभर कुणी वेगळीच वाटली. वाईट नाही वाटलं. नीट बघावंसं वाटलं.

घरोघरी वायरिंग करणारी एक आहे, दणदणीत आवाजाची. तिला सगळ्या वायरवालीच म्हणतात. ती मला म्हणाली, "आजोबा, इथला कायदा असा आहे. नातीगोती दारातल्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये ठेवून यायची. जाताना ज्याची त्यानं उचलायची."

"आणि चुकून दुसरीनं तुमचं उचललं तर?"

"माझं कुणी उचलून नेलं तर मी तिला घरपोच सोडीन!"

सगळ्या खो खो हसल्या. मी मध्ये बोललो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग एक उंच, शांत बाई उभी राहिली. "मी बसचालक," एवढं म्हणून थांबली. "म्हणजे, परीक्षेत पहिली आले होते. नेमणूकही झाली. पण तीन वर्षं होत आली, मला चौकशीच्या खिडकीत बसवलंय."

तिच्या साहेबांचं म्हणणं, बाईमाणूस लांबच्या गाडीवर दमेल. खात्याचा नियम असा की तीन वर्षांत गाडी चालवली नाही तर चालक म्हणून झालेली नेमणूक रद्द. म्हणजे एकानं गाडी द्यायची नाही आणि दुसऱ्यानं विचारायचं, चालवली का नाहीस! पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सुनावणी आहे. तिथे एकट्या बाईचं कुणी ऐकून घेत नाही. मान्यता असलेल्या संस्थेचं घेतात. शाखेला मान्यता मिळाली तर बसवालीच्या बाजूनं उभं राहायला कुणीतरी असेल. नाही तर पाच तारखेनंतर ती कायमची खिडकीत.

सगळं येऊन अडलंय ते वीस या आकड्यावर.

ता. १०, रविवार

माझं अक्षर चांगलं, म्हणून सभासदांची यादी सुवाच्य लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. सकाळभर बसलो. एका रकान्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात काम. पण 'प्लंबर', 'बेकर' असं कोरडं लिहायला हात धजेना. दूरदेशी जाणारा कागद, त्याला जरा डौल नको? म्हणून थोडं सजवलं. प्लंबरला 'जलमार्गदर्शिका'. बेकरला 'पहाटेची पावशिल्पी'. सूनबाईला 'धरित्रीची मापकर्ती'. वायरवालीला 'विद्युल्लतेची सखी'. बसवालीला 'चक्रधारिणी'. गुरांच्या डॉक्टरपाशी मात्र प्रतिभा अडली, ती तशीच राहिली.

सूनबाई मोजणीला निघायच्या घाईत होती. न वाचताच यादीचा फोटो काढून तिनं पाठवून दिला. फार दिवसांनी काही चांगलं लिहिल्यासारखं वाटलं.

ता. १३, बुधवार

पेन्शनच्या कागदावर लावायला फोटो हवा होता. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. पाटीवर मालकाचं नाव. मालक बाहेर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. फोटो काढला त्यांच्या बायकोनं. हनुवटी जरा वर घ्या, डावा खांदा सैल सोडा, असं करत करत म्हणाली, "आता काहीतरी आवडतं आठवा." मी नदीची कविता आठवली, सातवीच्या पुस्तकातली. फोटो असा आला की हा गृहस्थ मीच का, असं वाटलं.

"छान फोटोग्राफर आहात तुम्ही," मी म्हटलं.

"छे हो! स्टुडिओ ह्यांचा. मी नुसते फोटो काढते."

दुपारी जेवताना हा विनोद सूनबाईला सांगितला. ती हसली नाही. चमचा खाली ठेवला.

"बाबा, फोटो काढणाऱ्याला काय म्हणतात?"

"फोटोग्राफर."

"मग?"

"अगं पण पाटीवर..."

"पाटीला कॅमेरा धरता येतो का?"

खरंच की! हे मला सुचलंच नव्हतं. उद्या ती स्टुडिओत जाऊन त्या बाईंना भेटणार आहे. म्हणजे एकोणिसावी मी शोधली, तीही बसल्या जागी. विसावीही मीच शोधणार.

तेव्हापासून नदीची कविता डोक्यात घोळतेय. चौथ्या कडव्यापाशी नेहमीसारखी अडली. लहानपणी मी दुकानाच्या पायरीवर बसून ती मोठ्यानं म्हणायचो, आणि चौथ्याला अडलो की आतून ताई सांगायची. डोळ्याला भिंग, चिमट्यात केसासारखी स्प्रिंग. मान वर न करता अख्खं कडवं सांगून मोकळी. काय स्मरणशक्ती! शाळेत असती तर नंबर काढला असता. पण तिला घड्याळांचा छंद. अजून आहे. शहात्तराव्या वर्षीही त्याच गावात, त्याच दुकानात, लोकांची घड्याळं उघडून बसते. छान वेळ जातो तिचा.

ता. १६, शनिवार

फोटोवाली आली. ओळख करून द्यायची वेळ आली तशी उठली, "मी... माझे मिस्टर..." म्हणाली आणि खाली बसली. पुन्हा उठली. "मी फोटोग्राफर." टाळ्यांनी लंबकसुद्धा दचकला असेल. एकोणीस!

मग सूनबाईनं मुख्य कचेरीचं उत्तर वाचून दाखवलं. तिचा आवाज विचित्र येत होता, मला वाटलं सर्दी झाली.

"आपल्या अठरा सभासदांपैकी सतरा जणींची कामं आम्हाला समजली नाहीत. 'चक्रधारिणी' ही धार्मिक पदवी आहे का? असल्यास ती आमच्या नियमात बसत नाही. 'पावशिल्पी' म्हणजे मूर्ती पावाच्या असतात का? 'गुरांची डॉक्टर' समजली, आभारी आहोत. कृपया यादी पुन्हा पाठवावी."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वायरवाली तर खुर्चीवरून पडायचीच बाकी होती. "विद्युल्लतेची सखी! आजोबा, मला भर दुपारी खांबावर झटका बसला ना, तेव्हासुद्धा नवऱ्यानं इतक्या लाडानं हाक मारली नव्हती!"

"नवरा स्टँडमध्ये," कुणीतरी आठवण करून दिली.

मीही हसलो. काय करणार! पण निघताना बसवाली माझ्यापाशी थांबली आणि हळू म्हणाली, "मास्तर, माझं 'बसचालक' असंच लिहाल का? तीन वर्षं माझ्या नावापुढे 'चौकशी' लिहितायत. तो शब्द मला एकदा कागदावर बघायचाय."

माझी मान खाली गेली. सजवायला जावं आणि झाकलं जावं, असं होतं कधीकधी. यावर जरा विचार करायला हवा होता, पण तेवढ्यात कुणीतरी उरलेल्या बिस्किटांची बशी पुढे केली.

ता. १७, रविवार

यादी नव्यानं लिहिली. साधी. सातव्या ओळीत 'बसचालक' मोठ्या, नीट अक्षरात. विसाव्या ओळीला नुसता आकडा.

पाहुणीच्या स्वागताला मी एखादी कविता म्हणावी असं फोटोवालीनं काल सुचवलं होतं. (सूनबाईनं तेव्हा छताकडे बघितलं.) म्हणून कपाटातून सातवीचं जुनं पुस्तक काढलं. नदीच्या कवितेचं खालचं पान कसरीनं खाल्लंय, म्हणजे चौथं कडवं गेलंच. सूनबाई पुस्तकाचं पहिलं पान बघत होती.

"बाबा, हे नाव कुणाचं खोडलंय?"

"ताईचं. पुस्तक आधी तिचं होतं. मला मिळालं मी पाचवीत असताना! वर्गात कुणाकडे सातवीचं पुस्तक नव्हतं, केवढी ऐट होती माझी. लगेच तिचं नाव खोडून माझं घातलं. बघ ना, केवढं मोठं."

"तुम्ही पाचवीत, म्हणजे आत्याबाई सातवीत. मग त्यांना नको होतं का पुस्तक?"

"शाळा सुटली ना तिची, सहामाहीनंतर. बाबांचा हात कापायला लागला, चिमटा धरवेना. कुणीतरी दुकानात बसायला हवं. मी कवितेतला प्राणी, आणि तिची बोटं बारीक. अगदी जमून गेलं."

"त्यांना विचारलं होतं कुणी?"

कसले प्रश्न विचारते ही पोरगी! मी म्हटलं, "ती काही बोलली नाही. रडलीसुद्धा नाही. मी पायरीवर कविता म्हणायचो, ती आत काम करायची. फार गोड दिवस होते ते."

सूनबाई बराच वेळ ते खोडलेलं नाव उजेडाकडे धरून बघत राहिली. मोजणीच्या जुन्या नकाशावर पुसट हद्द शोधते ना, तशी.

"दुकानाची पाटी काय होती हो?"

"'घड्याळजी आणि चिरंजीव'! निळ्यावर पांढरी अक्षरं. अजून आहे."

"चिरंजीव म्हणजे तुम्ही."

"मग! एकुलता एक."

"किती घड्याळं दुरुस्त केलीत?"

"मी? एकही नाही!" मला हसू आलं. तिला आलं नाही. हल्ली तिला माझे विनोद कळेनासे झालेत; कामाचा ताण असेल.

मग तिनं ताईचा पत्ता मागितला. चौथं कडवं आत्याबाईंनाच विचारते म्हणाली. छान कल्पना. ताईला फोन आवडत नाही, घड्याळं ऐकू येत नाहीत म्हणते. पत्रच लिहावं लागतं. खरं तर मीच लिहायला हवं होतं. चार वर्षं झाली, जाऊ जाऊ म्हणतोय.

ता. २०, बुधवार

विसावीच्या शोधात शहर पालथं घातलं. चष्म्याच्या दुकानात बाई आहे, पण ती नुसती बिलं करते. हो, मी खात्री करून घेतली. चष्मे नवराच करतो. औषधवाली आपल्याकडे आहेच. हार्डवेअरच्या दुकानात विचारलं, "तुमच्याकडे कामावर एखादी बाई आहे का हो?" दुकानदारानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "आजोबा, वय काय तुमचं?" तिथून लगबगीनं निघालो.

येताना बस डेपोवरून आलो. चौकशीच्या खिडकीमागचं बाजूचं दार उघडं होतं, बसवाली पाठमोरी दिसत होती. एक लांबची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. ती कुणाला तरी वेळापत्रक सांगत होती, आवाज अगदी नेहमीचा. पण टेबलाखाली तिचा पाय जमिनीवर हळूच दाबला जात होता आणि डावा हात हवेत गिअर टाकत होता. गाडी वळून दिसेनाशी झाली तसा हात मांडीवर येऊन पडला.

मी हाक न मारता परत आलो. दहा दिवस उरलेत.

ता. २२, शुक्रवार

सापडली! तरण तलावावर पोहायला शिकवणारी बाई आहे. रुंद खांद्याची, गळ्यात शिट्टी. मी सगळं समजावून सांगितलं, बसवालीचं तर जरा जास्तच रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "येते की! मला शनिवारी सुट्टीच असते." मला इतका आनंद झाला की तलावाच्या काठावरच नदीची तीन कडवी म्हणून टाकली. पाण्यातली मुलं नाकं धरून बुडी मारायच्या बेतात होती, ती तशीच थांबून बघत राहिली.

घरी येऊन विसाव्या ओळीत 'पोहण्याची शिक्षिका' लिहिलं. सूनबाई म्हणाली, "तूर्तास पेन्सिलीनं लिहा." लिहिलं तसं. हिला आनंद म्हणून साजरा करता येत नाही.

ता. २६, मंगळवार

पेन्सिल कामी आली. पोहण्याची शिक्षिका स्वतः येऊन सांगून गेली. ती आधी ज्या शहरात होती तिथल्या शाखेत तिचं नाव आहे, आणि एक बाई दोन शाखांत मोजत नाहीत. बिचारी चारदा "माफ करा" म्हणाली. मी विसावी ओळ खोडरबरानं पुसली. कागद जरा खरखरीत झाला तिथे.

दुपारी ताईचं पत्र आलं, सूनबाईच्या नावानं. सूनबाईनं दारातच उभ्या उभ्या वाचलं, आणि खालचा तुकडा फाडून मला दिला. ताईचं तेच बारीक, उभं अक्षर:

थांबलीस का, पुसे किनारा,
नदी म्हणे मी थांबत नाही;
दिसते त्याहुन खोल वाहते,
वरचे पाणी सांगत नाही.

हेच ते! हेच चौथं कडवं. सोळा सोळा मात्रा, एकही इकडची तिकडे नाही. चौसष्ट वर्षं तिनं हे सांभाळून ठेवलं, आणि मला, भाषेच्या मास्तराला, दर वेळी नेमकं हेच आठवू नये! का बरं?

"आणखी काय लिहिलंय ताईनं?"

"बाकीचं माझ्या कामाचं आहे," असं म्हणून तिनं पत्र पर्समध्ये टाकलं.

मी म्हटलं, आता विसावीचं काय? चार दिवस राहिले. ती म्हणाली, "बघू." आणि चक्क गुणगुणत आत गेली. एवढी बेफिकिरी बरी नव्हे. मला तर जेवण गोड लागलं नाही.

ता. २९, शुक्रवार

हॉल झाडला, खुर्च्या मांडल्या. वीस आणि पाहुणीची एक. ती विसावी खुर्ची बघवेना, म्हणून भिंतीकडे सरकवली. सूनबाईनं पुन्हा रांगेत आणली.

"ओळीत काय लिहू?" मी विचारलं.

"काही नको. मोकळी ठेवा. जी येईल ती स्वतःच्या हातानं लिहील."

"अगं, पण येणार कोण?"

"बाबा, तुम्ही कविता पाठ करा बघू."

संध्याकाळी वायरवाली आपली व्हॅन आमच्या दारात लावून किल्ली बसवालीच्या हातात देऊन गेली. बसवाली उद्या पहाटे निघणार. कसलं तरी काम आहे, पाच तास जायला, पाच यायला. उद्याच, सभेच्या दिवशी, कसलं काम? मी विचारलं कुठल्या वाटेनं जाणार, तर तिनं सांगितलं ती ताईच्या गावावरूनच जाते.

"मग एवढं करा," मी म्हटलं, "बाजाराच्या चौकात निळी पाटी दिसली तर आत डोकावून माझ्या ताईला नमस्कार सांगा. म्हणावं, तुझं कडवं पोचलं."

बसवाली हसली. तिला इतकं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. किल्ली तिनं मुठीत गच्च धरली होती. "सांगते, मास्तर. नक्की सांगते."

कामसू आणि भली बाई आहे.

ता. ३०, शनिवार

आज अक्षर नीट येत नाही. तरी क्रमानं लिहितो.

पाहुणी तिच्या घड्याळानं पाचाला पाच कमी असताना आली. करड्या केसांची, बुटकी, जाड तळव्यांचे बूट. दूरदेशी पूल बांधते. आपली भाषा तुटकतुटक बोलते, पण बोलते. तिनं यादी हातात घेतली आणि विसाव्या मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं. मग खुर्च्या मोजल्या. दोन मोकळ्या. बसवालीचाही पत्ता नव्हता.

तिनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "पाच वाजले. मी पाच वाजता मोजते. सगळीकडे."

फोटोवालीनं डोळे मिटून घेतले. माझ्या मनात आलं, मी कविता सुरू करावी, तेवढाच वेळ जाईल. पण पहिली ओळच आठवेना.

सूनबाईनं शांतपणे भिंतीकडे बोट दाखवलं. "या घरात पाच वाजायला अजून अकरा मिनिटं आहेत."

पाहुणीनं लंबकाकडे बघितलं, मग आपल्या मनगटाकडे, मग सूनबाईकडे. "हे घड्याळ मागे आहे."

"हो. पण सभा इथल्या घड्याळानं भरते. पहिल्या दिवसापासून. विचारा कुणालाही."

"पहिल्या दिवसापासून!" वायरवाली गरजली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पाहुणीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. ती खुर्चीत मागे टेकून बसली. "ठीक. जिथे पूल, तिथलं पाणी बघायचं."

अकरा मिनिटं. इतकी लांब अकरा मिनिटं मी वर्गातल्या शेवटच्या तासालाही काढली नाहीत. लंबक जात होता, येत होता. घड्याळाला तेल घालून अकरा मिनिटं वाचवा, असं सूनबाई नेहमी म्हणते. आज न घातलेल्या तेलानं ती वाचवली होती. पाचाला तीन मिनिटं कमी. दोन.

बेल वाजली.

मीच दाराजवळ होतो. उघडलं.

बाहेर वायरवालीची व्हॅन धुळीनं माखून उभी होती. चालकाच्या जागेवर बसवाली, घामानं डबडबलेली. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच होते आणि चेहरा असा, जणू आत्ताच पोहून बाहेर आली. आणि दारात ताई.

केस पांढरे, कानापर्यंत कापलेले. गळ्यात दोरीला भिंग. हातात अवजारांची लाकडी पेटी, बाबांची. कडीवर तिच्या बोटांनी पडलेला गुळगुळीत खड्डा मला इतक्या वर्षांनी आज दिसला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होती.

"अकरा मिनिटं मागे," ती म्हणाली. "तेल घातलं नाहीस."

"ताई! तू? आत्ता? अगं, कळवलं असतंस तर मी स्टँडवर..."

"तुझ्याकडे नाही आले." तिनं पेटी या हातातून त्या हातात घेतली. तेव्हा कुठे माझ्याकडे बघितलं, मान वर करून, नीट, भिंगातून बघावं तसं. डोळे हसत होते की काय होतं, मला वाचता आलं नाही.

"चिरंजीव, बाजूला सरका. मला सभेला उशीर होतोय."

मी बाजूला सरकलो.